देव दूर वाटतो तेव्हा

श्रद्धावंताच्या जीवनात काही प्रश्न असे असतात की ते देवळाच्या आवारात मोठ्याने विचारण्याचा आपल्याकडे प्रघात नाही. आजारपण, नोकरी, मुलांचे शिक्षण, लग्नकार्य यांविषयी आपण एकमेकांशी मोकळेपणाने बोलतो, परस्परांकडे प्रार्थनेची याचनाही करतो. परंतु ‘मी प्रार्थना करते आणि पलीकडे कोणी आहे असे मला वाटत नाही,’ हे वाक्य रविवारच्या मिस्सानंतर कोणी कोणाला सांगत नाही. सांगितलेच तर ऐकणारा गडबडतो, काहीतरी सांत्वनाचे बोलतो आणि विषय बदलतो. जणू हा एखादा लाजिरवाणा रोगच आहे. वस्तुतः ज्याने वर्षानुवर्षे मनापासून प्रार्थना केली आहे, त्यालाच तो जडतो. ज्याने देवाला कधी हाकच मारली नाही, त्याला देवाचे मौन कसे जाणवणार?

माझे माहेर ठाण्याचे. मासुंदा तलावाकाठच्या संत जॉन बाप्टिस्टाच्या देवळात माझा बाप्तिस्मा झाला आणि लग्नही तिथेच झाले. लग्नानंतर डोंबिवलीत आले आणि ठाण्याला शिक्षिकेची नोकरी करू लागले. डोंबिवली ते ठाणे या लोकलच्या प्रवासात, बायकांच्या डब्यात उभ्या उभ्या, जपमाळेची पाचही रहस्ये पुरी होत. त्या गर्दीत, घामात, एका हाताने वरची कडी धरलेली असतानाही देव जवळ आहे असे मला वाटे. त्यासाठी कधी प्रयास करावा लागला नाही. श्वास घेण्यासाठी कोण प्रयास करतो?

पुढे माझ्या यजमानांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झाले. त्या दिवसांत आपल्या समाजातील कोणतीही स्त्री जे करील, तेच मी केले. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नित्य साहाय्यक मातेची नोव्हेना चालत आली आहे. तिथे नऊ बुधवार गेले. वांद्र्याच्या मोत माउलीच्या पायाशी मेणाची मानवाकृती वाहिली. घरी रोज रात्री आम्ही तिघे, ते, मी आणि आमचा मुलगा, जपमाळ म्हणत होतो. अडीच वर्षांनी, २०१७ च्या उपवासकाळात, ते गेले.

त्यांच्या जाण्याने मी देवावर रागावले असे म्हणावे तर तसेही नाही. रागालासुद्धा समोर कोणीतरी असावे लागते. माझ्या बाबतीत जे घडले ते फार मूकपणे घडले. प्रार्थनेचे शब्द तेच राहिले, मात्र त्यांच्यातला ओलावा गेला. ‘हे आमच्या स्वर्गीय पित्या’ असे ओठ म्हणत आणि मन त्या शब्दांकडे परक्यासारखे पाहत राही. ख्रिस्तशरीर स्वीकारून जागेवर परतताना पूर्वी अंतःकरण भरून येई. आता फक्त पुढच्या बाकावरच्या माणसाची पाठ दिसे. हे एक-दोन महिने नव्हे, काही वर्षे चालले. पूर्णपणे संपले आहे असे आजही म्हणता येणार नाही.

एकदा रात्रीची प्रार्थना आटोपल्यावर मुलाने विचारले, “आई, खरे सांग, तुला कोणी ऐकते आहे असे वाटते का?” मी म्हणाले, “नाही वाटत.” तो म्हणाला, “मग रोज का बसतेस?” त्याच्या स्वरात उपहास नव्हता. वडील गेल्यापासून त्याचेही देवळात येणे कमी झाले होते, आणि माझ्या उत्तरावर त्याच्यासाठी बरेच काही अवलंबून आहे हे मला दिसत होते. खोटे बोलून त्याला धीर देणे मला शक्य नव्हते, आणि खरे काय ते माझे मलाच पुरते उमगले नव्हते. पुढील विचार हे त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जमा झालेले आहेत.

प्रथम सर्वांत सोपे स्पष्टीकरण पाहू. देव दूर वाटतो, म्हणजे कुठेतरी आपलेच चुकले असणार, असे लोक सुचवतात. लोयोलाचे संत इग्नेशियस यांनी आपल्या ‘अध्यात्मसाधना’ या ग्रंथात या प्रश्नाचा फार शांतपणे ऊहापोह केला आहे. मनाला कोरडेपणा येण्याची प्रमुख कारणे त्यांनी तीन दिली आहेत. पहिले, साधनेतील आपली हेळसांड. दुसरे, सांत्वनाचा मोबदला मिळत नसताना आपण किती चालू शकतो याची परीक्षा. आणि तिसरे, सांत्वन ही आपली कमाई नसून निव्वळ कृपादान आहे, याची जाणीव व्हावी म्हणून. तीनपैकी एकाच कारणात आपला दोष आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्यांनी आणखी एक व्यवहारी नियम सांगितला आहे. अंधाराच्या काळात, उजेडात घेतलेले निर्णय बदलू नयेत. रात्री वाट दिसत नाही म्हणून, दिवसा नीट पाहून धरलेली वाट खोटी ठरत नाही.

तरीही नियमांनी मनाची समजूत पटत नाही. कोणीतरी सोबती लागतो. मला तो अनपेक्षितपणे माझ्या माहेरच्या गावातच सापडला. तोही सातशे वर्षांपूर्वीचा.

१३२१ साली पाच व्रतस्थ होर्मुझहून जहाजाने निघाले. दक्षिणेकडे कोल्लमला जाण्याचा त्यांचा विचार होता, पण त्यांचे जहाज लागले ते ठाण्याच्या बंदराला. त्यांपैकी तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि दुभाष्याचे काम करणारा बंधू डेमेट्रियस हे चौघे फ्रान्सिस्कन होते. पाचवा होता सेव्हराकचा फादर जॉर्डनस, डॉमिनिकन संघाचा. ठाण्यात त्या काळी नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची घरे होती. त्यानंतर थोड्याच काळाने येथे आलेल्या ओडोरिक या प्रवाशाने त्यांची संख्या पंधरा दिली आहे. अशाच एका घरी ही मंडळी उतरली. जॉर्डनस सोपाऱ्याकडे आणि तेथून पुढे भडोचच्या दिशेने गेला. मागे राहिलेल्यांना यजमानाच्या घरातील एका तंट्याच्या निमित्ताने न्यायाधिकाऱ्यापुढे साक्षीला जावे लागले. बोलणे धर्माच्या वादावर गेले. ९ एप्रिल रोजी तिघांचा आणि दोन दिवसांनी, घरी सामान राखत बसलेल्या पीटरचा वध झाला. झावळ्यांचा रविवार त्यांच्या मृत्यूनंतर अवघ्या तीन दिवसांवर आला होता.

जॉर्डनस परतला तेव्हा सारे संपले होते. एका तरुण जिनोव्हीज माणसाच्या मदतीने त्याने आपल्या सोबत्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन तिथल्या देवळात पुरले. आणि मग तो एकटाच राहिला. ज्या नगरात त्याचे सोबती मारले गेले त्याच नगरात, आपल्या भाषेचे कोणी नाही, आपल्या संघाचे कोणी नाही, पापनिवेदन ऐकायलाही कोणी नाही, अशा अवस्थेत.

त्याने लिहिलेली दोन पत्रे आज उपलब्ध आहेत. पहिले त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातले, पर्शियातील आपल्या बांधवांना लिहिलेले. त्यात मुख्यत्वे आणखी मिशनरी पाठवण्याची विनंती आहे. दुसरे पत्र दोन-अडीच वर्षे एकाकी काढल्यानंतर ठाण्याहून लिहिलेले आहे, आणि ते वाचताना जीव कासावीस होतो. आपण पोरके झालो आहोत, तहानेच्या रानात भटकत आहोत, असे तो सांगतो. समुद्रचाच्यांनी धरले, तुरुंगात टाकले, शिव्याशाप मिळाले, अंगावर संघाचा झगाही उरला नाही, भूक, ताप, आजार, दारिद्र्य हे सर्व तो मोजून दाखवतो. पण सर्वांत खोल दुःख निराळेच आहे. सोबत्यांना हौतात्म्याचा मुकुट मिळाला आणि आपण तेवढे अपात्र ठरलो, याची खंत त्याच्या काळजाला डाचते आहे. देवाने चौघांना बोलावले आणि मला मात्र विसरला, असा तो भाव आहे.

मासुंदा तलावाकाठी लहानपणापासून वावरणाऱ्या मला हे पत्र वाचताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. या पत्रात कुठेही दर्शन नाही, दिव्य वाणी नाही, अचानक झालेला चमत्कार नाही. आहे ती तक्रार. मात्र ती तक्रार करणारा मनुष्य तिथून हललेला नाही. तो बाप्तिस्मा देतो आहे, खेपा घालतो आहे, मदतनीस मागतो आहे आणि येशूसाठी याहून अधिक सोसण्याची तयारी आहे असेही त्याच पत्रात लिहितो आहे. खंत आणि निष्ठा एकाच कागदावर, एकाच शाईने लिहिलेल्या आहेत. पुढे १३२९ साली पोप बाविसावे जॉन यांनी त्याला कोल्लमचा बिशप नेमले. पण ठाण्यात तो कागद भरत असताना त्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. त्याच्यापुढे फक्त उद्याची सकाळ होती.

आपण मात्र तक्रारीला अश्रद्धा समजतो. पवित्र शास्त्र तसे समजत नाही. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे थोडीथोडकी नाहीत. त्यांतील बहुतेक शेवटी स्तुतीकडे वळतात. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र मात्र वळत नाही. ते अंधारात सुरू होते आणि अंधाराचाच उल्लेख करून थांबते. ख्रिस्तसभेने हे स्तोत्र झाकून ठेवले नाही. उलट दर शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेत त्याला जागा दिली. म्हणजे ज्याला त्या रात्री देव दूर वाटतो, त्याला आपले मन कोणाच्या तरी शब्दांत जसेच्या तसे मांडता यावे. आणि प्रत्यक्ष प्रभूने क्रूसावर बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीचाच आक्रोश केला. पित्याने मला का टाकले, हा प्रश्न देवाच्या पुत्राच्या मुखातून येऊन गेला आहे. त्यानंतर तो प्रश्न विचारणारा कोणीही ख्रिस्ताच्या बाहेर उभा नाही.

आपल्या मराठी मातीला तर ही व्यथा मुळीच परकी नाही. ज्ञानेश्वरांच्या विराण्या आणि तुकोबांचे विठ्ठलाशी भांडण हे काय आहे? इंद्रायणीत वह्या बुडाल्यावर तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्यावाचून नदीकाठी पडून राहिले, अशी परंपरा सांगते. ज्याचे लहानपण काही काळ कल्याणात गेले ते रेव्हरंड नारायण वामन टिळक, तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी पोहोचलो असे म्हणत. विरह हा भक्तीचा अभाव नव्हे, ती भक्तीचीच एक अवस्था आहे, हे शहाणपण आपल्या भाषेने आपल्याला आयते दिले आहे. भाषांतरित प्रार्थनापुस्तकांतून ते शोधत बसण्याचे कारण नाही.

याच संदर्भात मदर तेरेसांची आठवण होते. १९४६ साली दार्जिलिंगच्या प्रवासात त्यांना अंतरीचे पाचारण झाले. १९५० साली त्यांचा संघ स्थापन झाला. आणि जवळजवळ त्याच सुमारास त्यांच्या अंतरातला प्रकाश मावळला. १९५८ साली, पोप बारावे पायस यांच्या निधनानंतर, काही आठवडे तो परत आला आणि पुन्हा गेला. १९९७ साली त्या निवर्तल्या तोवर जगाला याचा पत्ता नव्हता. २००७ साली त्यांची खाजगी पत्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा अनेकांना धक्का बसला. रस्त्यावरच्या मरणोन्मुख माणसात ख्रिस्त पाहणारी ही स्त्री स्वतःच्या प्रार्थनेत त्याला चाचपडत होती!

त्यांना त्या अंधारात वाट दाखवणारे एक धर्मगुरू आपल्या पुण्याचे होते, हे आपल्यापैकी थोड्यांनाच माहीत असेल. फादर जोसेफ नॉयनर हे येशूसंघीय. जन्म १९०८ साली ऑस्ट्रियात, कर्मभूमी भारत. पुण्याच्या डी नोबिली कॉलेजात त्यांनी दीर्घकाळ ईशज्ञान शिकवले, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत तज्ज्ञ म्हणून काम केले आणि २००९ साली, वयाची शंभरी ओलांडून, पुण्यातच देह ठेवला. १९६१ साली मदर तेरेसांनी त्यांच्यापाशी आपले मन उघड केले. त्यांनी दिलेल्या सल्ल्याचा आशय असा होता: या अंधारावर मानवी उपाय नाही, म्हणून त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नये. देवाचा अनुभव येणे हीच त्याच्या सान्निध्याची एकमेव खूण नव्हे. त्याच्यासाठी लागलेली ओढ हीसुद्धा त्याच्या गुप्त सान्निध्याची खूण आहे. आणि हा अंधार त्यांच्या सेवाकार्याचाच आध्यात्मिक भाग आहे. ज्या टाकलेल्या माणसांची त्या सेवा करीत होत्या, त्यांचे टाकलेपण त्या आतून भोगत होत्या. यानंतर अंधार गेला नाही. त्या अंधारावर प्रेम करायला मात्र मदर तेरेसा शिकल्या.

हे वाचताना मला डायलिसिसच्या खोलीतले चार चार तास आठवले. यजमान बहुधा झोपून जात. यंत्र चालू राही, आणि मी खुर्चीवर बसून असे. जाग आल्यावर ते कधी विचारीत, “होतीस ना?” मी म्हणे, “होते.” त्या तासांत माझे तिथे असणे त्यांना जाणवत नव्हते, म्हणून मी नव्हते असे होते का? जाणीव निराळी आणि उपस्थिती निराळी. कोण जाणे, आज झोपेत मी असेन आणि खुर्चीवर दुसरे कोणी बसलेले असेल.

येथे एक सावधगिरीचा शब्द सांगणे आवश्यक वाटते. प्रत्येक अंधार आध्यात्मिक नसतो. झोप उडाली, जेवण तुटले, कशातच रस उरला नाही, जगणे नकोसे वाटू लागले, तर ते मनाचे आजारपण असू शकते आणि त्यासाठी डॉक्टरकडे जाणे हा श्रद्धेचा पराभव नव्हे. ताप आल्यावर आपण गोळी घेतो आणि प्रार्थनाही करतो. मनाच्या तापालाही तोच न्याय लावावा. यजमानांच्या मागे काही महिने मी असे उपचार घेतले. झोप परत आली. देवाचे मौन तसेच राहिले. त्यावरून दोन्ही गोष्टी वेगळ्या असल्याचे माझे मला कळले.

मग अशा काळात करायचे तरी काय? मोठ्या साधनेच्या गोष्टी सांगण्याचा माझा अधिकार नाही. चार साध्या गोष्टी मला उपयोगी पडल्या, त्या वाचकांपुढे ठेवते. पहिली, प्रार्थनेची वेळ सोडायची नाही. लांबवायची गरज नाही, पण चुकवायची नाही. दुसरी, स्वतःचे शब्द सुकले की ख्रिस्तसभेचे शब्द उसने घ्यायचे. स्तोत्रे आणि जपमाळ यासाठीच तर आहेत. ती माणसाच्या भावनेवर अवलंबून नसतात. तिसरी, एका विश्वासू धर्मगुरूला किंवा धर्मभगिनीला हे उघडपणे सांगायचे, कारण एकट्याने वाहिलेला अंधार दुप्पट जड होतो. आणि चौथी, कोणाच्या तरी उशाशी जाऊन बसायचे. आमच्या लघु ख्रिस्ती समूहात घरी खिळलेल्या वृद्धांना भेटी देण्याचे काम मी घेतले. तिथे मला देव दिसला असे नाटकी विधान मी करणार नाही. परंतु तिथे गेल्यावर तो कुठे आहे हा प्रश्न काही वेळ मागे पडतो आणि चहा कोण करणार हा प्रश्न पुढे येतो. हेही काही थोडे नाही.

आपल्या या परिसराच्या इतिहासाकडे पाहिले तरी धीर येतो. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या प्रवाशाने ‘कल्लियाना’ येथे पर्शियाहून नेमलेला बिशप असल्याचे नमूद केले आहे, आणि अनेक अभ्यासक ते स्थळ म्हणजे आपले कल्याणच मानतात. त्या ख्रिस्तमंडळीचा पुढे मागमूस उरला नाही. ठाण्यातली ती पंधरा घरेही काळाच्या ओघात गेली. त्या त्या वेळी कोणाला तरी वाटलेच असेल की, देवाने या भूमीकडे पाठ फिरवली. परंतु सोळाव्या शतकापासून ठाण्यात पुन्हा घंटा वाजू लागल्या, आणि १९८८ साली केरळातून आलेल्या आपल्या सिरो-मलबार बांधवांसाठी स्थापन झालेल्या धर्मप्रांताला नाव मिळाले ते कल्याणचेच. देवाच्या मौनाचे माप आपल्या आयुष्याच्या फूटपट्टीने घेता येत नाही.

मुलाला मी अखेर जे उत्तर दिले ते थोडके आहे. मी म्हणाले, “मला कोणी ऐकते आहे असे वाटत नाही, हे खरे. पण मला कोणीतरी ऐकावे असे अजून वाटते, हेही खरे. पहिल्यावर विश्वास ठेवून दुसरे का खोटे मानू?” तहान लागली म्हणजे पाणी जवळच आहे हे सिद्ध होत नाही, हे मलाही कळते. पण आपण पाण्यासाठी घडलो आहोत एवढे तहान नक्की सांगते. तो काही बोलला नाही. त्याला पटले असे मी समजत नाही. आता रविवारी तो कधी येतो, कधी येत नाही. मी त्याला बोलावते, पण ओढत नाही. त्याच्या वाटेवर त्याला भेटायचे काम ज्याचे आहे, त्याच्यावर मी ते सोपवले आहे.

वाचकहो, आपल्यापैकी कोणी आज त्या कोरड्या वाटेवर असेल, तर त्याने आपल्याला अपात्र समजू नये. देवळात शेजारी बसलेल्यांच्या चेहऱ्यांवरून त्यांच्या अंतरातला उजेड मोजू नये. त्यांच्यातही कोणी चाचपडत असेल. जॉर्डनसला आपले सोबती धन्य आणि आपण विसरलेले असे वाटले. तरी ते चार देह खांद्यावर घेऊन सोपाऱ्याच्या देवळापर्यंत चालत गेला तो तोच, आणि त्यांची कथा ठाण्यातून जगाला कळली तीही त्याच्याच पत्रांतून. ज्याला विसरले असे वाटत होते, त्याच्याच हाती देवाने स्मरण सोपवले होते.